वाचक विचारतात: गाडीच्या संशोधनाला सरकारी ग्रांट कुठून मिळते?

इलेक्ट्रिक आणि हायड्रोजन गाड्यांवर काम करणाऱ्या वाचकांचे पैशाबद्दलचे बरेच प्रश्न जमलेत, त्यातले चार इथे घेतोय.

प्रश्न: माझं बारामतीजवळ गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल स्कूटरला बसवायचं मोटर-बॅटरीचं किट मी स्वतः बनवलंय. केंद्र सरकारच्या ई-गाड्यांच्या पीएम ई-ड्राइव्ह स्कीममध्ये दहा हजार कोटी आहेत म्हणतात, त्यातून किट पुढे न्यायला काही मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार. फाइल करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर अजिबात देऊ नका. ही स्कीम १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, एकूण १०,९०० कोटींची. त्यात ४,३९१ कोटी १४,०२८ ई-बससाठी आहेत, ३,६७९ कोटी दुचाकी, तीनचाकी, अँब्युलन्स आणि ट्रकच्या खरेदीवरच्या सवलतीला, २,००० कोटी चार्जिंग स्टेशनला आणि ७८० कोटी टेस्टिंग एजन्सी सुधारायला. म्हणजे गाडी विकत घेणाऱ्याला मदत आहे पण नवीन काही बनवणाऱ्याला थेट द्यायचा कप्पाच यात नाहीये. ई-गाड्यांसाठीच्या आधीच्या, २०१५ च्या फेम-१ स्कीममध्ये टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट हा वेगळा भाग तरी होता, पुढे सगळा भर खरेदीवर गेला आणि मला हे मनापासून खटकतं, कारण सवलत संपली की गाडी महाग होते पण इथे तयार झालेलं तंत्रज्ञान इथेच राहतं.

तुमच्यासाठी जवळचा रस्ता म्हणजे केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास ही स्कीम. कल्पनेपासून प्रोटोटाइपपर्यंत १० लाखांपर्यंत ग्रांट, अर्ज प्रयास सेंटरमार्फत करायचा, आयआयटी मुंबईचं साइन हे स्टार्टअप केंद्र त्यातलंच एक. आणि एक कळकळीने सांगतो, रेट्रोफिट म्हणजे जुन्या गाडीला बसवायच्या किटला एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मंजुरी लागते, ती टेस्ट पुण्यात एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत होते, तोपर्यंत ते किट गावात कोणाच्या गाडीला बसवून रस्त्यावर सोडू नका. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

प्रश्न: आम्ही सांगलीकडचे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी. बॅटरी थंड ठेवायची सिस्टीम हा आमचा प्रोजेक्ट. कॉलेजमधले सर म्हणतात ग्रांटसाठी प्रपोजल लिहा, पण त्यात लिहायचं काय?

उत्तर: विषय एकदम चांगला निवडलाय. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही, जास्त तापमानात राहिला की गाडी नुसती उभी असली तरी त्याचं आयुष्य कमी होत जातं, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, एआयएस-१५६ या बॅटरीच्या मानकातले बदल दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून आले. संशोधनाला पैसा देणारं सरकारचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे ना, त्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या महा-ईव्ही मिशनमध्ये तीन विषय घेतलेत आणि पहिलाच आपल्यासारख्या उष्ण हवामानातल्या बॅटरी आणि सेलचा आहे.

पण "आम्ही बॅटरी थंड ठेवणार" एवढंच लिहिलं तर तपासणारा पान उलटून पुढे जाईल. बाहेर ४५ डिग्री असताना पॅकमधल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड सेलमध्ये आज किती फरक पडतो, तुम्ही तो कितीवर आणणार, थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायचे सेन्सर कुठे कुठे लावणार, आणि तुमच्या सिस्टीमने पॅकचं वजन किती वाढणार, हे आकडे आधी मोजा आणि पहिल्याच पानावर टाका. कॉलेजच्या लॅबमध्ये एक छोटा पॅक घेऊन मोजता येईल, त्याला ग्रांटची वाट बघायला नको.

प्रश्न: पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस बनवली असं वाचलं होतं. तो सरकारी पैसा होता का, आणि पुढे त्याचं काय झालं? (कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिका)

उत्तर: मॅडम, हो, त्यामागे सरकारी पैसा होता, आणि संशोधनाला पैसा लावला की किती वर्षं धीर धरावा लागतो ते यातून नीट दिसतं. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेचा निम्टली नावाचा कार्यक्रम आहे, उद्योग आणि प्रयोगशाळा एकत्र आणणारा, त्यात सरकारी संस्थेला अनुदान आणि कंपनीला कमी व्याजाचं कर्ज अशी पद्धत चालत आली. त्याच कार्यक्रमात २०१६ साली पुण्याची केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरच्या दोन प्रयोगशाळा, पाषाणची एनसीएल आणि तामिळनाडूतल्या कारैकुडीची सेक्री, यांनी गाडीसाठी फ्युएल सेलचं, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलचं काम सुरू केलं. २०२० मध्ये कारवर चाचणी झाली, १० किलोवॅटचा सेल, ३५० बार दाबाच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि साठ-पासष्टच्या स्पीडने सुमारे २५० किलोमीटर जाईल असा अंदाज. ऑगस्ट २०२२ ला बस दाखवली. म्हणजे कागदापासून बसपर्यंत सहा वर्षं गेली, आणि तीही नमुन्याची बस.

पुढचा टप्पा राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनमधून आला. जानेवारी २०२३ ला मंजूर झालेलं १९,७४४ कोटींचं मिशन, त्यात संशोधनाला ४०० कोटी. मार्च २०२५ मध्ये ३७ बस-ट्रकचे पाच पायलट प्रोजेक्ट मंजूर झाले, मदत साधारण २०८ कोटींची, दहा मार्गांमध्ये पुणे-मुंबईपण आहे. ३७ पैकी १५ गाड्या फ्युएल सेलच्या आणि २२ इंजिनमध्ये हायड्रोजन जाळणाऱ्या. इंजिनवाल्यांतून थोडे नायट्रोजन ऑक्साइड निघतात, त्यामुळे शून्य उत्सर्जन म्हणायचं तर माझ्या मते फ्युएल सेलवाल्या १५ च धराव्यात.

प्रश्न: भोसरीला आमचं मोटर बनवायचं छोटं युनिट आहे. २०२५ ला चीनने मोटरमध्ये लागणारे मॅग्नेट अडवले तेव्हा आमची लाइन थांबली. आता मॅग्नेट नसलेली मोटर बनवायचीय. ग्रांट घ्यावी की कर्ज?

उत्तर: एप्रिल २०२५ च्या त्या निर्बंधांनी तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना दणका बसला. सरकारने नोव्हेंबर २०२५ ला देशातच मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची स्कीम मंजूर केली, पण ती वर्षाला ६,००० टन मॅग्नेटची क्षमता उभी करायला आहे, तुमच्या कामाची नाही. तुम्ही म्हणताय ती मॅग्नेटशिवायची मोटर, म्हणजे रिलक्टन्स मोटर, वर सांगितलेल्या महा-ईव्हीच्या दुसऱ्या विषयात, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मशीन्स आणि ड्राइव्हज, त्यात बसते. फक्त ते मिशन अनेक संस्थांच्या कन्सोर्शियमने म्हणजे गटाने चालतं, त्यामुळे एखादं आयआयटी किंवा पुण्याच्या सीओईपीसारखं कॉलेज पुढे आणि तुम्ही उद्योग पार्टनर असा मेळ घालावा लागेल. मोटरचा आवाज आणि टॉर्क रिपल (फिरवणाऱ्या जोरातला चढउतार) हीच या मोटरची खरी डोकेदुखी, त्यावर तुमचा शॉप फ्लोअरचा अनुभव प्राध्यापकांना हवाच असतो, तेव्हा संकोच न करता जाऊन भेटा.

कर्जाचं म्हणाल तर केंद्राचा संशोधनासाठीचा एक लाख कोटींचा आरडीआय फंड २०२५ ला आलाय, लांब मुदतीचा कमी व्याजाचा पैसा, पण प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या पुढच्या टप्प्यातल्या तंत्रज्ञानालाच, नुसत्या कल्पनेला नाही. म्हणून आधी ग्रांट, मोटर टेस्ट बेंचवर नीट चालली की मग कर्ज, असा क्रम मी धरेन.

आणि हप्त्यांचा हिशोब आत्ताच करा. ग्रांट एकदम हातात येत नाही, पहिला हप्ता खर्च झाला की सरकारी खर्चाच्या नियमांतल्या (जीएफआर) १२-ए फॉर्ममध्ये यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, ते गेलं की पुढचा हप्ता, आणि ते पोचायला उशीर झाला तरी तुमच्या इंजिनिअरचा पगार आणि तांब्याचं बिल थांबत नाही. मधले काही महिने स्वतःच्या खिशातून ढकलता येतील एवढी सोय नसेल तर मोठ्या ग्रांटच्या मागे लागू नका. ग्रांटचं बँक खातं वेगळं ठेवा, त्यावर मिळालेलं व्याजसुद्धा सरकारला परत जातं, ते खर्चात धरू नका. मशीनसाठी मंजूर झालेला पैसा विचारल्याशिवाय पगाराकडे वळवू नका. आणि कॉलेजबरोबर एमओयू म्हणजे सामंजस्य करार करताना मोटरच्या डिझाइनचं पेटंट कोणाच्या नावावर जाणार ते सही करायच्या आधी लिहून घ्या.