फुल फ्रेम घ्यावा की हातात नीट बसणारा कॅमेरा?

तुमचा प्रश्न असा आहे की, जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा) आणि नवा छोटा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा सारख्याच पैशांत मिळतायत. पहिल्याची इमेज क्वालिटी सरस, दुसरा हातात छान बसतो, तर कुठला घ्यावा? मी आधी क्वालिटी बघून घेतला आणि मग पस्तावलो, म्हणून लिहितोय.

माझा ४२ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, त्यावर २४-७० एफ २.८ झूम लेन्स. दोन्ही मिळून दीड किलो. दुकानातल्या एसीत दोन मिनिटं धरला तेव्हा मस्त वाटला. खरा प्रकार कळला तो दादरच्या फुलबाजारात. मुलुंडहून पहाटेची लोकल पकडून गेलो होतो. ग्रिप आणि लेन्स यांच्यात जागा इतकी कमी की मधल्या बोटाचं पेर सारखं लेन्सला घासायचं. करंगळीला तर जागाच नाही, ती बॉडीखाली लोंबत. अर्ध्या तासात हात घामेजला आणि मनगट बोलायला लागलं. तेवढ्यात समोरून डोक्यावर झेंडूची टोपली घेतलेला माणूस "बाजू, बाजू!" करत आला, वरच्या बल्बचा उजेड नेमका त्याच्या चेहऱ्यावर. मी तेव्हा मेनूत आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) शोधत होतो. नजर वर केली तोवर त्याची पाठ दिसली. त्या पाठीचा फोटो आहे माझ्याकडे, अत्यंत शार्प.

आता क्वालिटीचा हिशोब. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, एपीएस-सी बहुतेक कंपन्यांचा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ सुमारे २.४ पट, म्हणजे उजेडाच्या बाबतीत सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हा फायदा खरा आहे, नाकारू नका. अंधाऱ्या हॉलमधलं लग्न, रात्रीचा गणपती मंडप, तिथे तो दिसतो. पण मेगापिक्सेलचं कौतुक जरा जास्तच होतं. १२ बाय १८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) काढली तरी ५४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो. आणि तुम्ही लिहिलंय की फोटो मुख्यतः इन्स्टाग्रामवर टाकता. मग तर बोलायलाच नको.

शिवाय थकलेल्या हातात कॅमेरा हलतो. पिक्सेल जितके जास्त, तितकं ते हलणं शंभर टक्के झूमवर स्वच्छ दिसतं. पैसे मोजले ते त्यासाठी थोडेच!

म्हणून छोटा घ्या, असं मात्र सरसकट म्हणणार नाही. छोटा म्हणजे हातात बसणारा असं काही नसतं. तळहात मोठा असेल आणि वर जड लेन्स लावणार असाल तर छोटी बॉडी उलट त्रास देते, सगळं वजन पुढे झुकतं. मित्राचा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जड, पण त्याची ग्रिप इतकी खोल की तासभर हातात धरला तरी मला काही वाटत नाही.

फोर्टमधल्या बोराबाजारात कॅमेरा बघायला जाल तेव्हा लेन्स स्वतःची न्या. ती लावून वीसेक मिनिटं धरा, दुकानदार कंटाळला तरी. चष्मा असेल तर काढू नका, व्ह्यूफाइंडरचे (डोळा लावायच्या खिडकीचे) चारही कोपरे दिसतात का ते बघा. मग डोळा तिथून न काढता आयएसओ आणि फोकस पॉइंट बदलून बघा. ज्यावर बोटं चाचपडतील तो परत ठेवा.

माझा फुल फ्रेम अजून विकलेला नाही. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात असतो, नाहीतर आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी ठरलेली. लग्नसराईत तो बाहेर निघतो. दादरला एपीएस-सी नेतो, त्याचा आयएसओ डायल अंगठ्याखालीच आहे.