अभ्यास मंडळाची पहिली मीटिंग: सही करण्याआधी एवढं बघून घ्या

सर, तुमचा प्रश्न वाचला. तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाचे विभागप्रमुख आहात, विभागप्रमुखांच्या मतदानातून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती) निवडून आलात, पहिली मीटिंग दहा दिवसांवर आलीय, अजेंडा म्हणून चार ओळींचं पत्र आलंय (त्यातली एक ओळ "टीवायच्या सुधारित अभ्यासक्रमास मान्यता देणे", टीवाय म्हणजे पदवीचं तिसरं वर्ष), आणि प्राचार्य म्हणाले की जाऊन सही करून या, तिथे आपलं कोण ऐकतंय, सगळं वरच ठरतं. हे खरं आहे का, आणि नसेल तर मी तिथे करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी एक पूर्ण टर्म म्हणजे पाच वर्षं मंडळावर होते, त्याच्या आधी तीन-चार वेळा अभ्यासक्रमाच्या उपसमितीत काम केलंय. प्राचार्यांचं म्हणणं चूक आहे, आणि चूक असूनही जवळजवळ प्रत्येक कॉलेजात तेच सांगितलं जातं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागद कसा फिरतो ते बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात अभ्यास मंडळ शिफारस करतं, ती विद्याशाखेकडे (जवळच्या विषयांचा गट) जाते, तिथून विद्या परिषदेकडे (सगळ्या विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणारं मंडळ), आणि विद्या परिषदेने मंजूर केलं की परिपत्रक निघतं. कागदावर मंडळ सगळ्यात खालची पायरी दिसते. पण विद्या परिषदेच्या एका बैठकीत सायन्स, कॉमर्स, ह्युमॅनिटीज, आंतरविद्याशाखीय अशा सगळ्यांचे अभ्यासक्रम एकत्र येतात, तिथे बसलेल्या माणसाला तुमच्या जलविज्ञानाच्या पेपरात तिसऱ्या युनिटला काय आहे हे बघायला ना वेळ असतो ना तो त्याचा विषय असतो, त्यामुळे "अभ्यास मंडळाने शिफारस केलेले अभ्यासक्रम मान्य" असं एका ओळीत सगळं पुढे सरकतं. विद्याशाखेत थोडी चर्चा होते, तीही जास्त करून श्रेयांक (क्रेडिट) जुळतात का, फॉरमॅट बरोबर आहे का यावर. म्हणजे पेपरात काय शिकवायचं, पुस्तकं कुठली, प्रॅक्टिकल किती, हे बघणारी शेवटची माणसं तुम्ही आणि तुमच्या शेजारी बसलेले दहा-बारा जणच. तुमच्यानंतर ते कोणी वाचत नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की सहीकडे बघायची नजर बदलते.

आता काय तुमच्या हातात नाही तेही सांगते, कारण नवीन सदस्य नेमका त्यातच मीटिंगचा सगळा वेळ घालवतो आणि कामाचं तसंच राहून जातं. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, हा सगळा सांगाडा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आणि राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातून आलाय. मेजरचे श्रेयांक कमी का केले यावर मंडळात कितीही तावातावाने बोललात तरी मंडळ ते बदलू शकत नाही. मलाही त्यातल्या काही गोष्टी पटलेल्या नाहीत, पहिल्या वर्षाला विषयाचे तास इतके कमी झालेत की पोरांना नकाशा नीट वाचायला शिकवण्याआधी सेमिस्टर संपतं, पण ते म्हणणं मांडायची जागा वेगळी आहे, ते लेखी करून विद्याशाखेमार्फत पाठवा. फीचा विषय व्यवस्थापन परिषदेचा. एखाद्या कॉलेजला नवीन कोर्स सुरू करायचा असेल तर तो आधी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसावा लागतो आणि पुढे शासनाची परवानगी लागते. पास-नापास, एटीकेटी (विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जायची सोय), ग्रेस हे ऑर्डिनन्स (विद्यापीठाचा नियम) किंवा विनियमाने ठरतं, शैक्षणिक विषयाचा ऑर्डिनन्स काढते व्यवस्थापन परिषद पण मसुदा विद्या परिषदेकडून यावा लागतो. हे चार-पाच विषय बाजूला ठेवले की जे उरतं ते तुमचं, आणि ते भरपूर आहे.

त्यातली पहिली गोष्ट वर्कलोड. मीटिंगमध्ये हा शब्द कोणी उच्चारत नाही पण अभ्यासक्रमातला प्रत्येक वाद आतून वर्कलोडचा असतो. साधा हिशोब करून दाखवते. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. समजा चार श्रेयांकांचा एक पेपर पूर्ण थिअरी आहे, म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरला आठवड्याचे चार तास. तोच पेपर दोन श्रेयांक थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल केला तर थिअरीचे आठवड्याला दोन तास आणि प्रॅक्टिकलचे चार तास, पण प्रॅक्टिकल बॅचने म्हणजे वर्गाचे छोटे गट करून होतं, तीन बॅच असतील तर बारा, म्हणजे एकूण चौदा तास. चाराचे चौदा! सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा अध्यापनाचा भार १६ तासांचा आहे, म्हणजे मंडळात कोणी सहज म्हणालं की "हा पेपर प्रॅक्टिकल करून टाकू" तर त्या एका वाक्यात जवळजवळ एका माणसाचं काम तयार झालं. उलट प्रॅक्टिकल काढून थिअरी केली तर तेवढंच काम गेलं, आणि ते कोणाचं जातं? परमनंट माणसाचं नाही जात, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सीएचबीवाल्या पोरापोरींचं जातं, ज्यांना मंडळात मत नाही, निवडणुकीतही नाही. (तुमच्या विद्यापीठात बॅच मोजायची पद्धत थोडी वेगळी असेल तर आकडे हलतील, हिशोबाची दिशा तीच राहते.) मी असं म्हणत नाही की कामं टिकवण्यासाठी अभ्यासक्रम जुनाच ठेवा. पण बदल करताना हा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवा, मग निर्णय काहीही होवो, तो डोळे उघडे ठेवून झालेला असेल.

दुसरी गोष्ट, शिकवायला लागणारी साधनं. मंडळावर विद्यापीठ विभागाचे लोक असतात, शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे असतात, त्यांच्या डोळ्यासमोर त्यांची लॅब असते. आमच्या वेळी दूरसंवेदन आणि जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायचं तंत्र) पेपर आला तेव्हा प्रॅक्टिकलची यादी एका महागड्या सॉफ्टवेअरवर बेतलेली होती, आणि आमच्या जिल्ह्यात अशी कॉलेजं होती जिथे विभागात दोन कॉम्प्युटर, त्यातला एक जर्नल आणि रिझल्टच्या कामात अडकलेला. ती यादी तशीच गेली असती तर पोरांनी स्क्रीनशॉट चिकटवून जर्नल पूर्ण केली असती आणि परीक्षकाने मार्क दिले असते, शिकलं कोणीच नसतं. आम्ही भांडून दोन बदल करून घेतले, एक म्हणजे सॉफ्टवेअरचं नाव काढून "उपलब्ध मुक्त सॉफ्टवेअर" असं लिहिलं म्हणजे क्यूजीआयएस चालतं, आणि दुसरं, इस्रोच्या भुवन पोर्टलवरून करता येतील अशी प्रॅक्टिकल घातली. जीआयएस काढून टाका असं आम्ही म्हटलंच नव्हतं, गावाकडच्या पोरांना तर ते जास्त हवंय, भूजल सर्वेक्षण, पाणलोट, पीक पाहणी, कामं तिथेच आहेत. फक्त ते खरोखर होईल असं लिहा एवढंच म्हटलं. तुम्ही तालुक्याच्या कॉलेजातून जाताय ना, हे बोलणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल, तेव्हा गप्प बसू नका.

तिसरी गोष्ट समकक्षता, आणि ही मी काळजावर दगड ठेवून लिहितेय. नवीन पॅटर्न आला की जुन्या पॅटर्नच्या राहिलेल्या विद्यार्थ्यांचं काय? जुना अमुक पेपर म्हणजे नवीन तमुक पेपर, असा तक्ता अभ्यासक्रमाच्या मागे जोडायचा असतो, आणि जुन्या पॅटर्नच्या परीक्षा अजून किती वेळा घेणार हेही ठरवून लिहायचं असतं. आम्ही एकदा सुधारित अभ्यासक्रम मोठ्या उत्साहाने केला, चार मीटिंगा घेतल्या, संदर्भग्रंथांची यादी दहादा तपासली, आणि तक्ता करायचा राहिला. प्रत्येकाला वाटलं परीक्षा विभाग करेल, परीक्षा विभाग म्हणाला मंडळाकडून आल्याशिवाय आम्ही कसं करणार, जे बरोबरच होतं. माझ्याच कॉलेजातल्या एका मुलीचा जुन्या पॅटर्नचा एक पेपर राहिला होता. एकच. ती फॉर्म भरायला गेली तर तो पेपर कोडच सिस्टीममध्ये नाही. मी पत्रं लिहिली, फोन केले, स्वतः जाऊन बसले, तक्ता मंजूर होऊन परिपत्रक निघेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती, तिचं बीएडचं अ‍ॅडमिशन त्या वर्षी हुकलं. घरच्यांनी पुढच्या वर्षापर्यंत थांबायला नकार दिला. ती मुलगी आजही रस्त्यात भेटली की "मॅडम" म्हणून हसून बोलते आणि मला तिच्याकडे नीट बघवत नाही, कारण त्या अभ्यासक्रमावर माझी सही होती. म्हणून सांगते, तक्ता जोडलेला नसेल तर सही करू नका, अध्यक्ष म्हणतील नंतर जोडू, तर म्हणा आत्ताच इथे बसून करू, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता "वरून ठरतं" याबद्दल. एक प्रकार मात्र खरा आहे, तो म्हणजे त्याच अधिनियमातलं कलम १२(७). तातडीची परिस्थिती असेल तर कुलगुरूंना विद्या परिषदेसारख्या प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेता येतो आणि तो नंतर त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. कोविडसारख्या वेळी याचा उपयोग होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जून तोंडावर आला, अभ्यासक्रम तयार नाही, विद्या परिषदेची बैठक लागलेली नाही, मग १२(७) खाली मान्यता घेतली आणि कार्योत्तर (निर्णय झाल्यानंतरच्या) मान्यतेला विषय ठेवला, हे नेहमीचंच झालंय. आणि इथे मी दोष आपल्याच लोकांना देते, ही घाई वरून येत नाही, मंडळाने वेळेत काम न केल्याने येते. मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबरात काम संपवलं तर मार्चपर्यंत सगळ्या पायऱ्या नीट पार पडतात. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये वर्षाचं वेळापत्रक मागा.

मीटिंगमधलं बोलणं हवेत जातं, राहतं ते इतिवृत्त, म्हणजे मीटिंगची लेखी नोंद. चहा-बिस्किटं होतात, टीए-डीएचे फॉर्म फिरतात, त्याच कागदांच्या गठ्ठ्यात इतिवृत्ताचं सहीचं पान येतं आणि लोक उभ्या उभ्या सही करतात. तुम्ही बसून वाचा. तुमचा मुद्दा मान्य झाला नसेल तर "अमुक सदस्यांनी भिन्न मत नोंदवले" एवढी ओळ घालून घ्या, त्यात भांडण काही नाही, तो तुमचा हक्क आहे. आणि तोंडी विरोध करण्यापेक्षा पर्यायी मसुदा टाईप करून न्या, हा मला उशिरा कळलेला नियम. "हे युनिट बरोबर नाही" म्हणालात की सगळे माना डोलावतात आणि पुढे जातात, पण "हे युनिट असं असावं" असा कागद बारा प्रती काढून वाटलात तर अध्यक्षांनाही तो हातात घेऊन वाचावा लागतो, बहुतेक वेळा तुमचीच वाक्यं अंतिम मसुद्यात येतात कारण बाकी कोणी लिहून आणलेलंच नसतं.

अजून एक, हे फार थोड्यांना माहीत असतं. कायद्यातच तरतूद आहे की अभ्यासक्रम ठरवताना पदवी आणि पदव्युत्तरच्या गुणवंत विद्यार्थ्यांना, किमान दोघांना, मंडळाच्या एका बैठकीला चर्चेसाठी बोलवायचं. आमच्याकडे पहिली दोन वर्षं कोणी बोलावलंच नाही. तिसऱ्या वर्षी आग्रह धरून बोलावलं, तर एका मुलाने सरळ सांगितलं की सर, दुसऱ्या वर्षाच्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पेपरात तेच दोन चॅप्टर आहेत, आम्ही जुन्या नोट्स परत लिहितो. वीस-वीस वर्षं शिकवणारे आम्ही सगळे, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं कारण प्रत्येक जण आपापला पेपर बघतो, अख्खी डिग्री सलग फक्त विद्यार्थीच बघतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की आमचं कॉलेज ऑटोनॉमस (स्वायत्त) झालं तर हे सगळं सुटेल का. बरंचसं घरात येईल, सुटणार नाही. ऑटोनॉमस कॉलेजात विभागप्रमुखच मंडळाचा अध्यक्ष असतो, बाहेरच्या विद्यापीठांतले दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगातला एक, एक माजी विद्यार्थी असे लोक येतात, कॉलेजची स्वतःची विद्या परिषद असते. छोट्या विभागात अडचण अशी होते की शिकवणारे दोन-तीन जण, तेच अभ्यासक्रम करतात, तेच पेपर काढतात, तेच तपासतात, मग बाहेरचा तज्ज्ञ खरोखर वाचून बोलणारा आहे का यावर सगळं अवलंबून राहतं. ओळखीतला, "छान झालंय" म्हणून मानधन घेऊन जाणारा माणूस घेऊ नका.

दहा दिवस आहेत तर एवढं करा. सचिवांकडून किंवा विभागाकडून मसुदा आजच मागवा, मीटिंगमध्येच मिळेल म्हणाले तर मेल करून मागा म्हणजे नोंद राहील. मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मिळतात पण ती वेळ बहुधा येत नाही. जिल्ह्यातल्या पाच-सहा भूगोलाच्या शिक्षकांना फोन करा, सीएचबीवाल्यांनाही करा, आणि एकच विचारा की गेल्या वर्षी कुठला भाग शिकवून पूर्ण झाला नाही. वर्कलोडचा हिशोब आणि समकक्षतेचा तक्ता दोन वेगळ्या पानांवर करून न्या. तक्ता कसा करायचा याचा नमुना माझ्याकडे आहे, पेपर कोड काढून टाकते आणि उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते, तुम्ही तोवर तुमच्या जुन्या पॅटर्नच्या एसवाय-टीवायच्या पेपरांची नावं काढून ठेवा.