नाश्त्याला जायचं की झोपायचं?

प्रश्न : ताई, मी विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला आहे. जेवणाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेत, त्यात नाश्ताही आला. पण बरेचदा मी उठते ती थेट तासालाच पळते. गेलेच तर डायनिंग हॉल बंद व्हायच्या जरा आधी, गर्दी नको म्हणून. तेव्हा अंडाभुर्जी चिवट झालेली असते, मग गोड सिरियल आणि संत्र्याचा ज्यूस घेते. अकराला पुन्हा पोटात कावळे ओरडतात. सकाळी भूकही फारशी नसते आणि एकटीनं टेबलावर बसायला नको वाटतं. नाश्ता चुकवला तर खरंच काही बिघडतं का? आई रोज फोनवर विचारते.
– पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : आईला आधी एक सांग. नाश्ता चुकवला की वजन वाढतं, हे सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. पण 2019 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 13 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला आणि त्यात नाश्ता न करणाऱ्यांचंच वजन सरासरी 0.44 किलोनं कमी निघालं. फरक किरकोळ आहे, आणि चाचण्यांचा दर्जा बेताचा असल्याचं आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलंय. तेव्हा एखाद्या दिवशी झोप निवडलीस तर काळजीचं कारण नाही. सकाळी भूक नसण्यात तुझी काही चूकही नाही. आपल्या शरीराच्या घड्याळात भूक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात मंद असते आणि रात्री आठच्या सुमारास सगळ्यात जास्त.

तरीही तू जावंस असं मला मनापासून वाटतं. आहारतज्ज्ञ म्हणून मी वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत बराच काळ काम केलंय, आणि तुझं पत्र वाचताना पहिली खटकली ती तुझी जायची वेळ. गर्दी टाळायला म्हणून तू नेमकी सगळ्यात वाईट वेळ निवडतेस. काउंटरवरचे ट्रे खालून गरम पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात. जंतू वाढू नयेत म्हणून गरम पदार्थ साधारण 60 अंश सेल्सियसच्या वर ठेवावे लागतात, म्हणजे भुर्जी तिथे नुसती गरम राहत नाही, शिजतच राहते. पाणी सुटतं, दाणे आवळतात आणि फार वेळ गेला की कडेनं हिरवट झाक येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र आल्यानं ती येते. खायला ती घातक नसते, पण रंग बघूनच मन उडतं. पहिल्या तासाआधी गर्दी असते तेव्हा ट्रे भराभर रिकामे होतात आणि आतून ताजे येत राहतात. शेवटच्या अर्ध्या तासात कोणी नवा ट्रे लावत नाही, कारण उरलेलं टाकून द्यावं लागतं. तेव्हा रांगेचा कंटाळा करू नकोस. वाढणाऱ्या मावशींना सरळ विचार, ‘नवा ट्रे कधी येतोय?’ त्या सांगतात, आणि कोणी विचारलं की त्यांनाही बरं वाटतं. उशीर झालाच तर उकडलेलं अंडं घे, ते सालीत असल्यानं वाळत नाही.

अकराच्या भुकेचं कारण तुझ्या ट्रेमध्येच आहे. 250 मिलिलिटर ज्यूसमध्ये 20 ग्रॅमच्या वर साखर असते, त्यात गोड सिरियलची भर. फळांच्या रसातली साखरही जागतिक आरोग्य संघटना ‘मोकळी साखर’ म्हणूनच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजते. ती दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 च्या आत ठेवा, असं संघटना सांगते. प्रथिनं मात्र तुझ्या नाश्त्यात जवळपास नाहीतच. दोन अंडी आणि कपभर दूध मिळून 20 ग्रॅम होतात. अंडी नको असतील त्या दिवशी साधं दही किंवा शिजवलेली कडधान्यं घे. ज्यूसऐवजी आख्खं संत्रं. सिरियल फार आवडत असेल तर ओट्सवर मूठभर घाल, पूर्ण सोडायची गरज नाही.

भूकच नसेल तर आधी थोडं खा आणि बाकीचं बरोबर ने. पुष्कळ ठिकाणी सांगितलं तर डबा भरून देतात, नाहीतर फळ तरी नेऊ देतात. तुमच्याकडचा नियम काउंटरवरच विचार.

एकटं बसण्याचं मला तुझ्याहून जास्त वाटलं, कारण हे मी फार मुलींकडून ऐकलंय. रात्रीच्या जेवणाला घोळके असतात. सकाळी तसं नसतं. निम्मी मुलं एकेकटीच, अर्धवट झोपेत, वही उघडी ठेवून खात असतात. तिथे एकटीकडे कोणी वळून बघत नाही. रोज एकाच वेळी गेलीस तर पंधरवड्यात तेच चेहरे दिसायला लागतील, आणि त्यातलं कोणीतरी तुझ्याच तासाला निघालेलं असेल. पुढच्या सोमवारपासून आठवड्यातले तीनच दिवस ठरव, ज्या दिवशी तास लवकर असतो तेच. बाकीचे दिवस खुशाल झोप. आईलाही तेवढंच सांग.