काल येत होतं, आज का येत नाही?

प्रश्न : पाठ झाला की वर्गातली बहुतेक मुलं बरोबर उत्तरं देतात. आठवड्याने तेच विचारलं तर पाटी कोरी. दोनदा उजळणी घेऊनही फरक नाही. काय चुकतंय?
— शिक्षिका, पारोळा तालुका

उजळणी म्हणजे पाठ पुन्हा वाचून दाखवणं असेल, तर चूक तिथेच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. त्याच दिवशीची बरोबर उत्तरं आपल्याला फसवतात, ती अशी.

तासाची पहिली पाच मिनिटं यासाठी ठेवा. पुस्तक-वही बंद. चार प्रश्न विचारा : दोन कालचे, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. त्यातला एक तरी ‘का’ने विचारलेला हवा, उदाहरणार्थ ‘काळ्या मातीत ओल जास्त दिवस का टिकते?’ उत्तर प्रत्येकाने पाटीवर लिहायचं. मग तुम्ही बरोबर उत्तर सांगायचं आणि मुलांनी आपलं आपण दुरुस्त करायचं.

हे बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, सगळा वर्ग सुरात उत्तर देतो. मग चार जण आठवतात आणि बाकीचे त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात. दोन, गुण दिले जातात. गुण आले की मुलं शेजाऱ्याच्या पाटीत डोकावतात. तीन, निम्म्या वर्गाला काहीच आठवत नाही. असं झालं तर तो भाग कळलेलाच नाही असं समजून पुन्हा शिकवा, कारण न कळलेलं आठवायला लावून उपयोग नाही. दोन इयत्ता एकत्र असतील तर एका इयत्तेला फळ्यावर प्रश्न देऊन दुसरीला शिकवता येतं. तरीही उत्तरं तपासायची दोन मिनिटं कापू नका.

प्रश्न : पाचवीतला एक मुलगा आठवडी बाजारात वडिलांबरोबर भाजी विकतो. तोंडी हिशेब चोख, वहीत साधा भागाकार जमत नाही. आळस म्हणायचा का?
— शिक्षक, चोपडा

आळस नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आला. अवघड वजनांचे हिशेब ही मुलं बाजारात डोक्यात करत होती, पण पुस्तकी पद्धतीच्या गणितात अडत होती. उलट, फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात मागे पडली. एका ठिकाणचं गणित आपोआप दुसरीकडे जात नाही.

म्हणून गणितात वांगी-टोमॅटो घालून भागत नाही, दोन्ही पद्धती एका फळ्यावर शेजारी आणाव्या लागतात. समजा, वांगी 40 रुपये किलो. 1 किलो 300 ग्रॅमचे किती? त्याला बोलू द्या : ‘किलोचे चाळीस, पावाचे दहा, पन्नास ग्रॅमचे दोन, झाले बावन्न.’ तो जे बोलला ते जसंच्या तसं डावीकडे लिहा : 40 + 10 + 2. उजवीकडे 40 × 1.3 = 52 मांडा. डावीकडचा कोणता तुकडा उजवीकडे कुठे गेला, हे त्यालाच दाखवायला सांगा : किलो म्हणजे 1, आणि पाव अधिक पन्नास ग्रॅम म्हणजे 0.3. हे जमलं की भाजी काढून टाका : 60 × 1.3. तिथे अडला तर पुन्हा डावीकडे या.

भागाकारही त्याच वाटेने : 84 रुपये तिघांत वाटताना तो आधी वीस-वीस देईल, मग उरलेल्या 24 मधले आठ-आठ. लांब भागाकाराच्या पायऱ्या त्याच आहेत, त्या त्याच्यासमोर मांडा. बाजार न पाहिलेल्या मुलांनाही ही डावी बाजू शिकवा, त्यांची ती कच्ची असते.

प्रश्न : प्रशिक्षणात मुलांचे ‘दृक्, श्राव्य, कृतिशील’ (बघून, ऐकून, करून शिकणारी) असे गट पाडायला सांगितलं. पाडू का?
— शिक्षिका, शिरपूर

नको. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. अशा गटांप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. माध्यम ठरवायचं ते विषयावरून : तापी पश्चिमेला वाहते हे सगळ्यांनाच नकाशावर दाखवा, कविता सगळ्यांनाच ऐकवा.

प्रश्न : पहिलीतली मुलं ‘शाळा’ला ‘शाया’, ‘डोळा’ला ‘डोया’ वाचतात. वाचन-चाचणीत चूक धरावी का?
— शिक्षक, धुळे तालुका

धरू नये. खानदेशात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘शाळा’ हा शब्द पाहून मूल ‘शाया’ म्हणालं, तर ते अक्षर ओळखून आपल्या घरच्या भाषेत वाचतंय. खात्री करायला ‘काळा’ आणि ‘काया’ या दोन चिठ्ठ्या समोर ठेवा आणि ‘कोळशाचा रंग कोणता?’ विचारा. बरोबर चिठ्ठी उचलली तर वाचन पक्कं आहे. चुकीची उचलली तर ‘ळ’ आणि ‘य’ या अक्षरांचा आठवडाभर वेगळा सराव घ्या, पण उच्चारावर हसू देऊ नका. हसलं गेलेलं मूल मोठ्याने वाचणंच सोडतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवायला सांगितलं आहे. तेव्हा सूचना आधी अहिराणीत द्या, मग तीच प्रमाण मराठीत. नंदुरबारकडे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी हे आणखी गरजेचं आहे. तिथे शिक्षकाला ती भाषा येत नसेल, तर वर्गात रोज लागणारी वाक्यं गावातल्या एखाद्या आईकडून देवनागरीत लिहून घ्या आणि फळ्याशेजारी चिकटवा.