‘आपण फाइलमध्ये हर्निया दाखवू’

प्रश्न : मी सातारची, वय ३९. दोन सिझेरियन झाली आहेत, धाकटा आता सहा वर्षांचा आहे. व्यायामाने अकरा किलो वजन उतरवलं, पण पोटाची कातडी लोंबतेच. पुण्यातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये ‘मोफत सल्ल्या’साठी गेले. डॉक्टर दहा मिनिटं भेटले, बाकी सगळं काउन्सेलर मॅडमच बोलल्या. ‘टमी टक’चं, म्हणजे लोंबती कातडी काढून पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनचं, पॅकेज २,७५,००० रुपये. ‘ऑफर आजच्या दिवसापुरती’ म्हणून मी ५०,००० भरून आले. पावतीवर ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ असं छापलंय. बाकी रक्कम ईएमआयवर, त्या कर्जाचा ओटीपी मी अजून दिलेला नाही. रोख दिलेत तर जीएसटी लागणार नाही, म्हणाल्या. माझ्या बेंबीपाशी थोडा फुगवटा आहे, त्यावर त्या म्हणाल्या, ‘आपण फाइलमध्ये हर्निया दाखवू, मेडिक्लेममधून बरंच सुटेल.’ घरी आल्यापासून मन खातंय. करावं की नाही? मागे फिरले तर पैसे मिळतील का? आणि मिस्टरांची सही लागते का? संमतीपत्राचे आणि पावतीचे फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, वकील म्हणून सांगते, आधी हर्नियाचं बोलू. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महागडं वाक्य तेच आहे.

नुसतं पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेममधून मिळत नाहीत. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दांत हे कलम बहुतेक पॉलिसींमध्ये असतं. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, नाहीतर तब्येतीला थेट धोका आहे म्हणून करावा लागणारा उपचार, एवढेच अपवाद. सिझेरियननंतर सैल पडलेलं पोट यात बसत नाही. म्हणून क्लिनिकं हर्नियाचं नाव पुढे करतात.

पण तुम्हाला खरोखरच हर्निया असेल तर? बेंबीपाशी फुगवटा आहे असं तुम्हीच लिहिता. मग साताऱ्यातल्याच एखाद्या जनरल सर्जनला दाखवा, ज्याचा या पॅकेजशी काडीचा संबंध नाही. तो तपासेल, सोनोग्राफी सांगेल. हर्निया निघाला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही उजळ माथ्याने मागू शकता. पॉलिसीत हर्नियाला अनेकदा दोन वर्षांची थांबण्याची मुदत असते, तोवर त्याचा क्लेम मिळत नाही, तेवढी मात्र बघून घ्या. दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतील तर बिलं वेगळी हवीत, हर्नियाचं एक आणि कातडी काढण्याचं दुसरं. विमा कंपनीला हे आधीच लेखी कळवून मंजुरी घ्या.

हर्निया नसताना दाखवला तर काय होतं? क्लेम फेटाळला जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते. पॉलिसीला सलग साठ महिने झाले की कंपनीला सहसा जुन्या गोष्टी उकरून क्लेम नाकारता येत नाही. ही मोठी ढाल आहे, पण फसवणूक सिद्ध झाली की ती गळून पडते. फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, असेल तर मुलांचं आणि मिस्टरांचं कव्हरही तुमच्याबरोबर जातं. फौजदारी तक्रारीची शक्यता वेगळीच.

याहून वाईट बाजू मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. समजा, ऑपरेशननंतर टाके उघडले, कातडी काळी पडली, दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. तुम्ही ग्राहक आयोगात येता. समोरचा वकील ऑपरेशनची नोंद पुढे करतो, त्यात हर्निया. क्लेमचा फॉर्म पुढे करतो, त्यात हर्निया आणि खाली तुमची सही. मग पोटाचं कॉस्मेटिक ऑपरेशन बिघडलं म्हणून तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? ते ऑपरेशन कागदावर झालेलंच नसतं. विम्याचे लाखभर वाचवताना दाद मागायची वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवता.

जीएसटीचंही तेच. दवाखान्याच्या उपचारांना साधारणपणे जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीतून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा यांमुळे बिघडलेलं अंग पूर्ववत करायचं असेल तेवढीच सूट. म्हणजे २,७५,००० वर १८ टक्के, ४९,५०० रुपये. एकूण ३,२४,५००. पॅकेजच्या आकड्यात कर धरलाय की नाही, हे तुमच्या पावतीवर कुठेच नाही. रोख देऊन बिल घेतलं नाहीत तर ४९,५०० वाचतील, पण पैसे मोजून सेवा घेतल्याचा पुरावाही जाईल. ग्राहक म्हणून तुमचा हक्क उभा राहतो तो त्याच पुराव्यावर.

आकड्यांचं आणखी थोडं. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञाची फी आहे का? रात्र वाढली तर? आयसीयू लागला तर? नंतर पोटाला बांधायचा पट्टा, ड्रेसिंग, टाक्यांजवळ साठलेलं पाणी काढायच्या फेऱ्या कुणाच्या खर्चाने? आणि व्रण वेडावाकडा आला, दुरुस्ती करावी लागली, तर सर्जन फी घेणार नाही की हॉस्पिटलही घेणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला काउन्सेलर मंडळी ‘ते आपण बघू हो’ म्हणतात. ‘बघू’ला कोर्टात किंमत नाही. ईमेलवर उत्तर मागा.

कर्जाचा ओटीपी तुम्ही अजून दिलेला नाही, हे फार बरं केलंत. फायनान्स कंपनीशी होणारा करार वेगळा असतो. ऑपरेशन रद्द झालं, बिघडलं, क्लिनिकला टाळं लागलं, तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या ईएमआयचाही तो कागद मागून बघा.

आता डॉक्टर. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी आहे, पदवी नव्हे. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेलं आहे का, ते पाहा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशाच्या पावतीवरही डॉक्टरने नोंदणी क्रमांक लिहिला पाहिजे, असा डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलच्या २००२ च्या नियमावलीचा दंडक आहे. तुमच्या पावतीवर क्लिनिकचा लोगो आहे, मोबाइल नंबर आहे, डॉक्टरचं नावसुद्धा नाही! ऑपरेशन ‘आमच्या संलग्न हॉस्पिटलमध्ये’ होईल असं छापलंय. कुठलं हॉस्पिटल? त्याची नर्सिंग होम म्हणून महापालिकेकडे नोंदणी आहे का? रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी सक्तीचं झालंय. भिंतीकडे एक नजर टाका, बरंच कळतं.

संमतीपत्र मी दोनदा वाचलं. चार पानं, सगळी इंग्रजीत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे काय ते सांगितलं. ४४ वर्षांच्या बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन झोपल्या होत्या. तेवढ्यात डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजांडं काढून टाकली. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. जीव किंवा प्रकृती वाचवायला थांबणं शक्यच नसेल तेवढाच अपवाद. भरपाई अवघी २५,००० रुपये मिळाली, डॉक्टरांची फी बुडाली. रक्कम ऐकून नाक मुरडू नका. आज संमतीवर वाद झाला की आम्ही वकील याच निकालाचं पान उघडतो.

तुमच्या मिस्टरांच्या सहीचं उत्तरही त्यातच आलं. ती लागत नाही. त्यांनी केलेली सही तुमच्या सहीच्या जागी चालतही नाही. घरी सांगायचं की नाही हा कायद्याचा प्रश्न नाही, पण ऑपरेशननंतर काही आठवडे वजन उचलता येत नाही आणि सहा वर्षांचा मुलगा घरात आहे, तेव्हा कुणाला तरी सांगावं लागेलच.

तिसऱ्या पानावर ‘आवश्यक वाटेल ती अतिरिक्त प्रक्रिया’ करण्याची मोकळीक घेतली आहे. तिथे काट मारा आणि हाताने लिहा : ‘ठरलेल्या शस्त्रक्रियेखेरीज, जिवाला धोका असल्याशिवाय, अन्य कशालाही माझी संमती नाही.’ नाहीतर शुद्धीवर याल तेव्हा कमरेच्या बाजूंचं लायपोसक्शनही (चरबी शोषून काढणं) झालेलं असेल, आणि बिलही फुगलेलं असेल. चौथ्या पानावर फोटो ‘प्रसिद्धीसाठी’ वापरण्याची परवानगी आहे, तीही खोडा. ‘कोणत्याही परिणामास क्लिनिक जबाबदार नाही’ हे वाक्य राहिलं तरी घाबरू नका, हलगर्जीपणाची जबाबदारी असल्या ओळीने टळत नाही.

त्या फॉर्ममध्ये जे नाही ते जास्त खटकलं. मी डॉक्टर नाही, पण अशा फायली वाचून एवढं कळतं की या ऑपरेशनचा व्रण एका कुल्ल्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो आणि कायमचा राहतो. बेंबी नव्या जागी बसवावी लागते, कातडी बधिर राहू शकते, पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि पुढे पुन्हा बाळंतपण झालं तर केलेलं काम सैल पडू शकतं. यातली एकही ओळ फॉर्मवर नाही. धोके, पर्याय आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं संमतीचा भाग आहे. मराठीत लिहून मागा, दोन दिवस घरी ठेवून वाचा, आणि त्याच सर्जनला, काउन्सेलरला नव्हे, पुन्हा भेटा.

एक कटू गोष्टही सांगते. मनासारखा आकार आला नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही. जाणकार डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, एवढंच पाहिलं जातं. पण ‘कंबर सहा इंच कमी होणारच’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं असेल तर गोष्ट बदलते. ते चॅट जपा, फोनही बदलू नका.

राहिले ५०,०००. ‘परत मिळणार नाही’ एवढं छापलं म्हणून पैसे बुडत नाहीत. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी तेवढीच भरपाई घेता येते. तुमची ऑपरेशनची तारीखच ठरलेली नाही. ना थिएटर अडलं, ना भूलतज्ज्ञ खोळंबला. सल्ला तर मोफत होता. मग नुकसान कसलं? थोडी रक्कम प्रशासकीय खर्च म्हणून कापतील, त्यावर फार ताणू नका.

आधी ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. ‘हर्निया दाखवू’ आणि ‘रोख द्या’ या दोन्ही सूचना मला मान्य नाहीत, हे वाक्य पत्रात हवंच. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच जमलं तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. क्लिनिक पुण्यात असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. अटच अन्यायकारक ठरवून रद्द करा, अशी मागणी मात्र जिल्ह्यात करू नका. तो अधिकार राज्य आयोगाकडे आहे आणि त्या एका वाक्यावरून तुमची तक्रार लोंबकळत पडेल. नुसता परतावा आणि त्रासाची भरपाई मागा.

पत्राला पावतीची झेरॉक्स जोडा. मूळ पावती ‘बघायला’ म्हणून मागितली तरी देऊ नका.