वादळानंतरचं घर, परवाना आणि शहर प्रशासन : वाचकांचे प्रश्न

26 सप्टेंबर 2024 ला हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून बरंच दूर, समुद्रातून उत्तरेकडे निघून गेलं. तरीही टॅम्पा उपसागराकाठच्या सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या सखल वस्त्या उधाणाच्या पाण्यात बुडाल्या. तेरा दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, मिल्टन आलं आणि त्याच शहरावर 18 इंचांहून अधिक पाऊस ओतून गेलं. त्या भागात राहणाऱ्या आणि इथून तिकडची काळजी करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्स भागात आमचं बैठं घर आहे. हेलीनच्या वेळी आत दोन फूट पाणी होतं. स्वयंपाकघराचं काम अजून बाकी आहे. शेजारी सांगतात, परवाना मागायला गेलात तर घर उचलून बांधायला लावतील, त्यापेक्षा गुपचूप उरकून घ्या. ऐकावं का?

ऐकू नका. शेजाऱ्यांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. पूरक्षेत्रातल्या, म्हणजे सरकारी पूरनकाशावर एई किंवा व्हीई असं लिहिलेल्या पट्ट्यातल्या, घराच्या दुरुस्तीचा खर्च वादळाआधीच्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त झाला, तर घर सध्याच्या पूरनियमांनुसार करावं लागतं. म्हणजे ते ठरलेल्या पूरपातळीच्या वर उचलायचं किंवा पाडून नव्याने बांधायचं. खर्च निम्म्याच्या आत ठेवायचा, म्हणून तिकडे याला ‘49 टक्क्यांचा नियम’ म्हणतात.

बहुतेकांचा घोटाळा होतो तो ‘बाजारभाव’ या शब्दापाशी. इथे जमिनीची किंमत धरत नाहीत. समजा, मालमत्ता 4,20,000 डॉलरची आहे, पण त्यात इमारतीचा वाटा 1,60,000 डॉलरचाच आहे. मग तुमची मर्यादा 80,000 डॉलरच्या आत आली. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मालमत्ता मूल्यांकन कार्यालयाने धरलेली किंमत कमी वाटत असेल, तर परवानाधारक मूल्यांककाकडून वादळाआधीच्या स्थितीचा स्वतंत्र अहवाल करून घेता येतो. मर्यादेच्या काठावर असलेल्या घरासाठी हा खर्च नक्की करावा.

दुसरी चूक खर्चाच्या यादीत होते. भिंती, फरशी, वायरिंग, एसी, बसवलेली कपाटं आणि अंगभूत उपकरणं हे सगळं हिशेबात येतं. तुम्ही स्वतः केलेली किंवा मित्रांनी फुकट केलेली मजुरीसुद्धा बाजारदराने धरली जाते. राडारोडा हलवणं, नकाशे, परवाना शुल्क, कुंपण आणि बाग यांचा खर्च धरत नाहीत. म्हणून कंत्राटदाराकडून एकरकमी आकडा घेऊ नका. प्रत्येक काम वेगळं दाखवणारं अंदाजपत्रक मागा, नाहीतर न धरायच्या रकमाही धरल्या जातात. शहराकडून ‘मोठं नुकसान’ (म्हणजे दुरुस्ती निम्म्या किंवा त्याहून जास्त खर्चाची) असल्याचं पत्र आलं असेल, तरी हीच कागदपत्रं देऊन फेरविचार मागता येतो.

मर्यादा ओलांडलीच, तर सरकारी पूरविम्यात नियमपूर्तीसाठी 30,000 डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद असते. घर उचलण्याचा सगळा खर्च त्यातून निघत नाही, पण ती मागायची राहून जाऊ देऊ नका. त्यासाठी तेच ‘मोठ्या नुकसानाचं’ पत्र लागतं.

शहर प्रशासन इतकं कडक का, याचं उत्तर दक्षिणेकडच्या ली काउंटीत सापडतं. 2022 च्या इयन चक्रीवादळानंतर तिथे विनापरवाना दुरुस्त्या झाल्या. त्यावरून मार्च 2024 मध्ये फेमाने (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने) केप कोरल शहरासह पाच ठिकाणच्या रहिवाशांना पूरविम्यावर मिळणारी 25 टक्के सवलत काढून घेण्याचं जाहीर केलं. पुढे बहुतेकांची सवलत वाचली, पण एका घराच्या गुपचूप कामाची किंमत सगळ्या गावाला मोजावी लागू शकते, हे सगळ्यांना दिसलं. शिवाय परवाना नसेल, तर घर विकताना आणि पुढचा दावा करताना अडचण येते ती वेगळीच.

कामाबद्दल एक सांगायचं आहे. भिंत बंद करण्याआधी आतल्या लाकडाचा ओलावा मीटरने मोजा. तो साधारण 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवी ड्रायवॉल (भिंतीला लावायचे जिप्समचे तक्ते) लावू नका. खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड वरून कोरडं दिसतं, आतून नसतं. घाई केली तर सहा महिन्यांत बुरशी रंगातून वर येते.

प्रश्न : आमच्या गेटबंद वसाहतीतला वादळाच्या कचऱ्याचा ढीग आठवडेच्या आठवडे उचलला गेला नाही. बाहेरचा रस्ता मात्र साफ. हा पक्षपात नाही का?

नाही, यामागे पैशाच्या परताव्याचे नियम आहेत. कचरा उचलण्याचा खर्च शहर आधी करतं आणि मग फेमाकडून परत मिळवतं. केंद्राचा वाटा सहसा किमान 75 टक्के असतो. मात्र त्यासाठी प्रत्येक ट्रकच्या फेरीची नोंद लागते. ढीग सार्वजनिक रस्त्याकडेच्या पट्ट्यावरचा होता का, हेही पाहिलं जातं. खासगी रस्त्यावरचा ढीग आधी प्रवेशाची लेखी परवानगी आणि फेमाची मंजुरी असल्याशिवाय सहसा धरला जात नाही. तुमच्या गृहसंघाच्या मंडळाने हा करार वादळाच्या मोसमाआधीच शहराशी करून ठेवायला हवा. नंतर धावाधाव करून आठवडे जातात.

ढीग वेगवेगळे ठेवा : फांद्या-पालापाचोळा, राडारोडा, फ्रिज-वॉशिंग मशीनसारखी मोठी उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्स, आणि रंग-रसायनं. फांद्यांचा भुगा करून आच्छादन बनवतात. त्यात ड्रायवॉल मिसळली की सगळा ढीग वेगळ्या दराने, वेगळ्या ठिकाणी न्यावा लागतो. ट्रकचा लोखंडी पंजा पिशव्या नीट उचलू शकत नाही, म्हणून पालापाचोळा सुटाच ठेवा. पाण्याचा मीटर, अग्निशमन नळ, गटाराची जाळी आणि विजेच्या तारा यांच्यापासून ढीग दूर हवा. मिल्टनच्या तोंडावर रस्त्याकडेला पडलेले हेलीनचे ढीग वाऱ्याने उडतील, हीच त्या आठवड्यातली सर्वांत मोठी धास्ती होती.

प्रश्न (पुण्याहून) : मुलगा नोकरीसाठीच्या एच-1बी व्हिसावर टॅम्पाजवळ भाड्याने राहतो. त्याला फेमाची मदत मिळते का?

एच-1बीधारकाला स्वतःच्या नावावर रोख मदत मिळत नाही. ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आश्रय मिळालेल्या व्यक्ती अशा ठरावीक गटांसाठी असते. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. ही गोष्ट अनेक मराठी कुटुंबांना माहीतच नसते. निवारा, अन्न, मानसिक आधार आणि कायदेशीर सल्ला यांसाठी व्हिसा विचारला जात नाही.

आणखी एक फरक लक्षात घ्या. निसर्ग वादळानंतर कोकणात पंचनाम्याला सरकारी माणूस दारी आला. तिकडे पंचनामा आधी आपण करायचा. पाण्याच्या खुणेला टेप लावून फोटो, प्रत्येक खोलीचे चार कोपरे, उपकरणांचे अनुक्रमांक, हे सगळं काही फेकण्याआधी करायचं. पहिला नकार आला तर तो शेवटचा समजू नका. पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत अपील करता येतं, आणि कित्येकदा एखादं कागदपत्र कमी असल्यामुळेच नकार आलेला असतो.

प्रश्न : पाणी उकळून प्यायची सूचना मागे घेतल्यावर लगेच नळाचं पाणी प्यावं का?

आधी सगळे नळ काही मिनिटं वाहते ठेवा, बर्फ टाकून द्या, फ्रिजमधला फिल्टर बदला. सूचना लागू असताना पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवायचं. गॅस-वीज नसेल, तर एका गॅलनला वासविरहित 6 टक्के ब्लीचचे 8 थेंब घालून अर्धा तास थांबायचं.

प्रश्न : यंदाच्या मोसमासाठी आता काय करता येईल?

सरकारी पूरविमा सहसा घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होतो. गृहकर्ज घेताना काढला तर ही मुदत लागत नाही. मोसम 1 जूनला सुरू होतो, म्हणजे पॉलिसी एप्रिल संपण्याआधी हातात हवी. घरमालकाच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, हे पुन्हा एकदा तपासा. इमारतीसाठी 2,50,000 आणि सामानासाठी 1,00,000 डॉलर ही कमाल मर्यादा आहे. सामानाचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. भाडेकरूंनाही तेवढंच घेता येतं. घराबाहेर राहावं लागलं तर त्याचा खर्च या विम्यातून मिळत नाही, त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा.