आजीवर पहिल्यांदाच लिहितोयस ना, मग एवढंच बघ

लिहीच तू. फक्त 'प्रेमळ, कष्टाळू' पासून सुरुवात नको, सगळ्यांच्याच आज्या तशा असतात (निदान लिहिताना तरी). आजोबा अंथरुणाला खिळलेले तेव्हा ती रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलायची, बेडसोर (सतत पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून, हे तू सांगितलंस ना, तेच आधी लिही.

- सालं कुणाला आठवत नसतात. आत्याला विचार, पानशेतचं धरण फुटलं (१९६१) तेव्हा आजी कुठे होती, लग्न कोयनेच्या भूकंपाच्या (१९६७) आधी की नंतर, बाहत्तरच्या दुष्काळात घरात काय शिजायचं, मग आपोआप धागा लागतो.
- बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड कर, मधे टोकू नकोस.
- सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे आधी जा, याच रविवारी.

वंशावळ, फोटो स्कॅनिंग नंतर बघू.